भूगोलाच्या बाई आणि विजापूर रोडचं रान

आपल्या सोलापूरच्या शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी चार ओळी लिहा, असं पत्र आलं. चार ओळींत शाळा बसवणं मला जमणार नाही, म्हणून भूगोलाच्या बाईंवरच लिहितो. कोणत्या बाई, हे १९८१ च्या दहावीवाल्यांना सांगायला नको.

आम्ही आठवीत होतो. जानेवारीतली सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा अजून उठली नव्हती. सात रस्त्यावरून विजापूर रोडला लागून बाई पुढं आणि आमची पलटण मागं. कंबर तलाव ओलांडला की तेव्हा गाव संपायचं. डाव्या हाताला नजर पोचेल तिथवर मालदांडी ज्वारी उभी. बाई सरळ रानात शिरल्या. जमिनीला भेगा पडलेल्या.

"फुटपट्टी कुणाकडं आहे रे?"

माझ्याकडं होती, लाकडी. बाईंनी ती भेगेत उभी सोडली, ती दिसेनाशीच झाली. आम्ही खिदळलो. बाई तिथंच ढेकळात बसल्या आणि सांगू लागल्या. ही काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते, मग वाळेल तशी आकसते, म्हणून भेगा. पोटात ओल धरून ठेवते म्हणूनच आपल्या दुष्काळी पट्ट्यात रब्बीची ज्वारी येते. तेवढ्यात रानाचे मालक कानडीत ओरडत आले. बाईंनी कानडीतच काहीतरी उत्तर दिलं. काय ते आम्हा तेलुगू बोलणाऱ्या पूर्व भागातल्या पोरांना कळलं नाही, पण थोड्या वेळात आगटी पेटली आणि आम्ही शेंगाचटणीबरोबर हुरडा खात होतो! परतायला उशीर झाला. मुख्याध्यापकांची बोलणी बाईंनी एकटीनं ऐकून घेतली. दुसऱ्या दिवशी माझ्या बाकावर नवी फुटपट्टी होती.

बाकीचे शिक्षकही चांगलेच असणार. मला त्यांचं फारसं आठवत नाही, एवढंच.

पुढं मी स्थापत्य अभियंता झालो. पुण्यात माती परीक्षणाची स्वतःची प्रयोगशाळा आहे. पूल असो की पाण्याची टाकी, पाया कुठवर न्यायचा हे विचारायला लोक येतात. त्या धंद्याची सुरुवात माझ्या हिशेबी त्या रानात झाली.

मागच्या दिवाळीत धाकट्या भावाकडं उतरलो, विजापूर रोडकडच्या नव्या वस्तीत, जुळे सोलापुरात. सकाळी ते रान शोधायला निघालो. १९९२ ची हद्दवाढ झाली, आसपासची गावं शहरात आली, रानांचे प्लॉट पडले. आसरा चौकापासून विजापूर रोडपर्यंत नुसती अपार्टमेंट, मंगल कार्यालयं, क्लासेस. लोकांना घरं लागतात, मान्य. पण हुरड्याला आता गाडी काढून कुठल्या कुठं जावं लागतं, आणि उजनी धरणाचं पाणी नळाला रोज येत नाही ते नाहीच.

माती मात्र तीच. भावाच्या हॉलमध्ये खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी चीर गेलीय. उन्हाळ्यात उघडते, पावसाळ्यात जरा मिटते. दर दिवाळीला रंगारी लांबी भरून जातो. बांधणाऱ्यानं पाया काळ्या मातीतच थांबवला असावा. बाईंच्या वर्गातल्या कुठल्याही पोरानं चीर बघून सांगितलं असतं.

पत्रात वाचलं की मागच्या पटांगणात नवी इमारत उठणार. समितीला हात जोडून विनंती: कठीण मुरूम लागेपर्यंत खणल्याशिवाय काँक्रीट ओतू नका. परीक्षण मी करून देतो, पैसे घेणार नाही. तिथल्या भूगोलाच्या खोलीला बाईंचं नाव द्या, म्हणजे झालं.