अठरा फुटी जोडहोडी आणि तिची बांधणी

दोन होड्या शेजारी-शेजारी ठेवून मधले अंतर पक्के करायचे, एवढेच कॅटामरानचे तत्त्व असल्यामुळे ती आखणे सोपे असेल, असे मला सुरुवातीला वाटले होते. गेले आठ महिने एका अठरा फुटी शिडाच्या नौकेचा आराखडा करताना ध्यानात आले की होड्यांचा आकार कागदावर बऱ्यापैकी लवकर जमतो. घोडे अडते ते त्यांना जोडणाऱ्या आडव्या दांड्यांपाशी.

आराखड्याचा आधार हवाईची ‘वआ काउलुआ’ ही दोन होड्यांची समुद्रगामी नौका आहे. तिचे आजच्या काळातील प्रसिद्ध रूप म्हणजे चित्रकार हर्ब काने यांच्या आराखड्यावरून बांधलेली, ८ मार्च १९७५ रोजी ओआहू बेटावर पाण्यात उतरवलेली ‘होकुलेआ’. पुढच्याच वर्षी प्रशांत महासागरातल्या कॅरोलाइन बेटांपैकी साटावालचे नाविक माउ पिआइलुग यांनी तिला होकायंत्राशिवाय, तारे आणि लाटा यांच्या आधारे हवाईहून ताहितीला नेले. होकुलेआ हे स्वातीच्या ताऱ्याचे हवाईतील नाव. हा तारा हवाईच्या जसा माथ्यावरून जातो तसाच मुंबईच्याही जातो, कारण दोन्हींचे अक्षांश जवळपास सारखे आहेत. आराखड्याशी याचा संबंध नाही, पण रात्री गच्चीवर काम करताना ते आठवल्यावाचून राहत नाही.

होकुलेआच्या होड्या कोरीव लाकडाच्या नसून प्लायवूड, फायबरग्लास आणि रेझिनच्या आहेत, त्यामुळे मरीन प्लायवूड वापरताना मला संकोच वाटला नाही. नंतरच्या ‘हवाईलोआ’ या तशाच नौकेसाठी तर पुरेसे मोठे कोआ वृक्ष हवाईच्या रानांत सापडलेच नाहीत आणि अलास्कातून स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचे ओंडके आणावे लागले.

माझ्या प्रत्येक होडीची पाण्याच्या रेषेवरील लांबी ५.१ मीटर आणि रुंदी ४५ सेंटिमीटर आहे. इतकी अरुंद होडी पाणी कापताना मोठी लाट उठवत नाही आणि जोडीला दुसरी होडी असल्याने तिला स्वतःच्या रुंदीवर तोल सांभाळावा लागत नाही. हवाईच्या होड्यांचा तळ गोलसर असतो. मी मात्र तो इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा निमुळता ठेवला, कारण वाऱ्याने आडवे सरकणे रोखण्यासाठी वेगळी फळी बसवायची नव्हती आणि किनाऱ्याच्या वाळूवर नौका सहज ओढता यायला हवी होती.

शिडाचा निर्णय आकडेमोडीने सोपा केला. दोन माणसे धरून एकूण वजन ३३० किलो आणि दोन होड्यांच्या मध्यरेषांतील अंतर २.२ मीटर धरले, तर नौकेला सावरणारा जोर वजन गुणिले निम्मे अंतर, म्हणजे ३६३ किलोग्रॅम-मीटर येतो. बारा चौरस मीटरचे उंच त्रिकोणी शीड असेल आणि त्यावरील दाबाचे केंद्र पाण्याखालील रोधाच्या केंद्रापासून ३.४ मीटर वर असेल, तर सुमारे २१ नॉटच्या (ताशी सुमारे ३९ किलोमीटर) वाऱ्यात एक होडी पाण्याबाहेर उचलली जाते. तेवढ्याच क्षेत्रफळाच्या, खेकड्याच्या नांगीसारख्या पॉलिनेशियन शिडात हे केंद्र मी २.४ मीटरपर्यंत खाली आणू शकलो, आणि तीच मर्यादा सुमारे २५ नॉटपर्यंत गेली. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढत असल्याने हा चार नॉटचा फरक दिसतो त्याहून मोठा आहे. जोरदार झुळकांचा विचार करता शीड त्याच्या बऱ्याच आधी उतरवावे लागणार, आणि नांगीचे शीड थोडे-थोडे आटोपते घेणे अवघड असते, ही त्याची खरी उणीव आहे.

आता दांड्या, ज्यांना हवाईत ‘इआको’ म्हणतात. तिरप्या लाटेवर एका होडीची नाळ, म्हणजे पुढचे टोक, वर जाते तेव्हा दुसरीची खाली जाते आणि त्या पिळाचा सारा भार सांध्यांवर येतो. मी पाव आकाराच्या नमुन्यात दांड्या बोल्टने घट्ट बसवल्या होत्या. एका होडीची नाळ आणि दुसरीचे वरम (मागचे टोक) विटांवर टेकवून मध्ये वजन ठेवले, तेव्हा प्लायवूडला बोल्टच्या भोकापासून बोटभर लांब चीर गेली. हवाईत हे सांधे नारळाच्या काथ्याच्या दोरीने बांधत. होकुलेआवर कृत्रिम धाग्याची दोरी असली, तरी पद्धत बांधण्याचीच आहे. काथ्याच्या सुंभाने फळ्या शिवलेल्या होड्या गोव्याच्या आणि कोकणच्या किनाऱ्यालाही अपरिचित नाहीत, पण मी इंजिनियर असल्याने हात आधी बोल्टकडेच गेला.

दोरी निवडतानाही चूक झालीच. पहिली बांधणी नायलॉनची केली. रात्रभर पाणी मारून ठेवल्यावर सकाळी वेढे इतके सैल झाले होते की त्यांत अंगठा शिरत होता, कारण नायलॉन ओले झाले की ताणते. दुसऱ्या वेळी सहा मिलिमीटरची पॉलिस्टरची दोरी घेतली. दांडी आणि होडीवरील खुंटी यांना आठ उभे वेढे दिले आणि मग त्या वेढ्यांना मधोमध आडवे चार वेढे देऊन आवळले. सांधा घट्ट करतात ते हे आडवे वेढेच. त्यांच्या प्रत्येक फेरीला दोरी करकरत होती आणि उभे वेढे एकमेकांकडे ओढले जात होते.

त्याच विटांवर, त्याच वजनाखाली हा नमुना आठवडाभर ठेवला. दांडीवर आणि होडीवर समोरासमोर खडूच्या रेघा मारल्या होत्या. आठव्या दिवशी त्यांच्यात दोन मिलिमीटरचा फरक दिसला आणि चीर कुठेही नव्हती. पुढचा प्रश्न डोलकाठीचा आहे, कारण ती नेमकी पुढच्या दांडीच्या मध्यावर, जिथे आधाराला कुठलीच होडी नाही तिथे, उभी राहणार आहे.