थायलंडच्या शाळेत इंग्रजी शिकवायला जाताना: माझा अनुभव

जाहिरातीत ‘नेटिव्ह स्पीकर’ असं दिसलं की आपल्याकडचे बरेच जण अर्जच करत नाहीत. थायलंडच्या बाबतीत ही चूक करू नका. परदेशी शिक्षकाकडे पदवी हवी, पोलिसांचा दाखला हवा, आणि इंग्रजी ज्यांची मातृभाषा धरली जात नाही त्यांनी इंग्रजीच्या परीक्षेचे गुण दाखवायचे. टोइकला ९९० पैकी ६०० किंवा आयईएलटीएसला ५.५ एवढे सहसा पुरतात. एखादी शाळा भारतीय नको म्हणेल, पण ती तिची आवड झाली. तिथल्या शाळांत फिलिपिन्सचे शिक्षक भरपूर आहेत, तेही याच वाटेने आलेले.

टोइक सोपी समजून बसू नका. दोन तासांत २०० प्रश्न असतात. वाचनाच्या १०० प्रश्नांना ७५ मिनिटं मिळतात, आणि लांब उतारे शेवटी येतात. सुरुवातीच्या व्याकरणावर रेंगाळलं की तेच राहून जातात. गुण दोनच वर्षं धरले जातात, म्हणून नोकरी शोधायच्या बेतानेच परीक्षा द्या.

शिकवण्याच्या प्रमाणपत्राबद्दल माझं मत ठाम आहे. १२० तासांचा नुसता ऑनलाइन कोर्स अर्जाचा रकाना भरतो, वर्ग सांभाळायला शिकवत नाही. परवडत असेल तर सेल्टा, म्हणजे केंब्रिजचा इंग्रजी शिकवण्याचा कोर्स करा. त्यात सहा तास खऱ्या विद्यार्थ्यांसमोर शिकवावं लागतं, मागे बसून प्रशिक्षक टिपणं काढत असतात. बी.एड. असेल तर ते आधी पुढे करा, थाई शाळांत त्याला वजन आहे.

आता कागदपत्रं. माझे सगळ्यात जास्त दिवस इथेच गेले, आणि तेही नावापायी. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं, आणि बऱ्याचदा शेवटी आईचं. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा. समजा गुणपत्रिकेवर ‘जोशी स्नेहा माधव’ आहे आणि लग्नानंतरच्या पासपोर्टवर ‘स्नेहा कुलकर्णी’. तिथल्या कारकुनाला या दोन वेगळ्या बायका वाटतात, आणि त्याचा त्यात काही दोष नाही. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका. विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नोंद बरोबर ठेवा. पासपोर्टात काही बदलायचं असेल तर सगळ्यात आधी तेच करा, कारण पोलिसांचा दाखला आणि व्हिसा पासपोर्टवरच्या नावानेच निघतात. त्याच वेळी पासपोर्टवर ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी तपासणी हवी) अशा अर्थाचा, म्हणजे ईसीआरचा शेरा आहे का तेही बघा. थायलंड ईसीआर देशांच्या यादीत आहे. दहावी पास असल्यावर तो शेरा काढून घेता येतो.

पदवीचं मूळ प्रमाणपत्रच लागतं. ‘प्रोव्हिजनल’, म्हणजे तात्पुरत्या प्रमाणपत्रावर काम होत नाही, तेव्हा पदवीदान समारंभाचा अर्ज राहिला असेल तर आजच भरा. विद्यापीठाच्या परीक्षा विभागातून सीलबंद ट्रान्स्क्रिप्टही (सगळ्या विषयांच्या गुणांचा तक्ता) काढा. प्रमाणपत्राची आधी राज्य पातळीवर पडताळणी, मग परराष्ट्र मंत्रालय, मग थाई वकिलात असा क्रम असतो. मधली पायरी गाळली तर पुढची खिडकी कागद परत करते. तुमच्या शाळेला कोणते शिक्के हवेत हे आधी लेखी विचारून घ्या. पोलिसांचा दाखला पासपोर्ट सेवा पोर्टलवरून मिळतो, पण तो फार आधी काढू नका, जुना दाखला शाळा नाकारतात.

शाळेचं वर्ष मेच्या मध्याला सुरू होतं, दुसरं सत्र नोव्हेंबरच्या आसपास. फेब्रुवारी ते एप्रिल हा भरतीचा मोठा काळ. मुलाखतीत दहा-पंधरा मिनिटांचा धडा मागतात. चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग डोळ्यांसमोर ठेवा, दोनच शब्दरचना घ्या आणि मुलांना बोलतं करा. उच्चारात आपली एक अडचण असते. मराठीत ‘व’ एकच, त्यामुळे ‘वेस्ट’ म्हणताना आपण दिशा सांगतोय की बनियन, ते ऐकणाऱ्याला कळत नाही. बनियनवाल्या ‘व्ही’ला खालचा ओठ वरच्या दातांना लागतो, दिशेच्या ‘डब्ल्यू’ला दोन्ही ओठ गोल होतात. आरशासमोर आठवडाभर सराव केला की फरक पडतो.

पर्यटक म्हणून जाऊन ‘तिथे गेल्यावर परवाना करू’ असं कोणी सांगितलं तर थांबा. पर्यटक म्हणून मिळालेल्या प्रवेशावर नोकरी करता येत नाही. थायलंडमधल्या नोकरीचं आमिष दाखवून माणसं म्यानमारमधल्या फसवणुकीच्या अड्ड्यांवर नेल्याबद्दल आपल्या परराष्ट्र मंत्रालयाने २०२२ मध्ये इशारा दिला होता. खरी शाळा आधी पत्र आणि कागद पाठवते. त्यावर नोकरीसाठीचा ‘नॉन-इमिग्रंट बी’ व्हिसा घ्यायचा, आणि २०२५ पासून तो अर्ज ऑनलाइन होतो. हा व्हिसा ९० दिवसांचा. तिथे पोहोचल्यावर वैद्यकीय दाखला, कामाचा परवाना, आणि शाळेत शिकवत असाल तर शिक्षक परिषदेची, म्हणजे खुरुसफाची परवानगी. नुसत्या भाषावर्गात शिकवणाऱ्यांना ही शेवटची लागत नाही.

या ९० दिवसांपुढे राहायच्या मुदतवाढीला १९०० बाट (थाई चलन) लागतात. पुढे दर ९० दिवसांनी तिथल्या इमिग्रेशन कार्यालयाला पत्ता कळवावा लागतो. सुट्टीत घरी येताना रि-एंट्री परमिट, म्हणजे परत येण्याची परवानगी विसरू नका, एकवेळचं १००० बाट, अनेकवेळचं ३८००. ते न घेता देश सोडला की मुदतवाढ रद्द होते आणि व्हिसाची सगळी कसरत पुन्हा करावी लागते. नोकरी सोडायची असेल तर कामाचा शेवटचा दिवस कोणता, हे शाळेकडून लेखी घ्या. मुदतवाढ त्या दिवसापर्यंतच चालते आणि नंतरच्या प्रत्येक दिवसाला ५०० बाट दंड लागतो.