बुरशी काढायला किती खर्च येतो: ठाण्यातल्या एका भिंतीचा हिशेब

बेडरूमच्या एकाच भिंतीसाठी माझ्याकडे तीन कोटेशनं आली: ६,५०० रुपये, २९,००० रुपये आणि ७४,००० रुपये. भिंत १० फूट रुंद, ९ फूट उंच, म्हणजे ९० चौरस फूट. बुरशी मुख्यतः खालच्या चार फुटांत. इमारत जुनी, भिंतीपलीकडे आमचंच बाथरूम. दरात एवढा फरक पडला, कारण तिघांनी तीन वेगळी कामं धरली होती. पहिला ब्लीच मारून वर बुरशीरोधक रंग देणार होता. दुसरा बुरशी काढून प्लास्टर बदलणार होता, पण पाणी कुठून येतंय हे शोधणं त्याच्या कामात नव्हतं. तिसऱ्याने बाथरूमच्या लाद्या उखडून नवं वॉटरप्रूफिंग धरलं होतं. म्हणून कोटेशन हातात आलं की चौरस फुटाचा दर नंतर बघा, आधी पाणी बंद करण्याची ओळ त्यात आहे का ते शोधा. ती नसेल तर बाकीचा आकडा कितीही कमी असला तरी काम महागच पडतं.

त्याआधी भिंतीवर बुरशीच आहे ना, याची खात्री करावी. वीट-सिमेंटच्या भिंतीवर येणारी पांढरी भुकटी बहुतेक वेळा लोणा असतो, म्हणजे ओलीबरोबर बाहेर आलेले क्षार. त्यावर पाण्याचा फवारा मारला की तो विरघळून दिसेनासा होतो. बुरशी विरघळत नाही, बोटाला फासली जाते आणि तिला कुबट वास असतो. अशा क्षारांना बुरशीनाशक लावण्यात काही अर्थ नाही.

निदानाचे २,५०० रुपये मी वेगळे दिले आणि या सगळ्या खर्चात तेच सर्वांत सत्कारणी लागले असं माझं ठाम मत आहे. तपासणीला आलेल्या माणसाकडे दोन उपकरणं होती: पिनांचा ओलावा मीटर आणि थर्मल कॅमेरा. दोन्हींच्या मर्यादा माहीत असायला हव्यात. पिनांच्या मीटरवरचे टक्के लाकडासाठी ठरवलेले असतात, प्लास्टरवर ते खरे टक्के नसतात. म्हणून त्याच घरातल्या कोरड्या भिंतीचं रीडिंग आधी घ्यायचं आणि ओल्या भिंतीची तुलना त्याच्याशी करायची. भिंतीत क्षार असतील तर मीटर उगाचच जास्त दाखवतो, कारण क्षार वीज वाहून नेतात. थर्मल कॅमेरा पाणी दाखवत नाही, तापमान दाखवतो. एसीच्या झोताखालची भिंत किंवा आरसीसीचा कॉलम त्यात ओलीसारखाच गार दिसू शकतो, म्हणून एसी काही तास बंद ठेवूनच फोटो घ्यावेत.

एक चाचणी घरच्या घरी होते. भिंतीवर एक फूट लांब-रुंद प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवायचा आणि एक दिवस ठेवायचा. थेंब खोलीकडच्या बाजूला जमले तर दोष हवेतल्या दमटपणाचा आणि कोंडलेल्या खोलीचा. प्लास्टिकच्या आतल्या बाजूला जमले तर पाणी भिंतीतून येतंय. पहिल्या प्रकारात गवंड्याची गरजच नसते, हवा खेळती ठेवणं आणि डीह्युमिडिफायर यांवर काम भागतं. आमच्याकडे थेंब आत होते.

मग प्लंबरने बाथरूमची इनलेट लाइन बंद करून प्रेशर पंप लावला. पंपाचा काटा खाली आला नाही, म्हणजे दाबाखालचे पाइप चांगले होते. दिवसभर सारखी ओल राहत असेल तर या पाइपांवर संशय घ्यावा. आंघोळीनंतर वाढत असेल तर निचऱ्यावर. दुसऱ्या चाचणीत नहाणी ट्रॅप, म्हणजे फरशीवरचं पाणी वाहून जायचं जाळीखालचं तोंड, बोळ्याने बंद करून फरशीवर दोन इंच रंगीत पाणी चोवीस तास तुंबवलं. पातळी उतरली आणि पलीकडच्या भिंतीच्या तळाशी त्या पाण्याचा रंग दिसू लागला. लाद्यांच्या सांध्यांतलं पांढरं सिमेंट झिजलं होतं आणि नहाणी ट्रॅपच्या कडेला फट होती. त्यामुळे सगळं बाथरूम तोडण्याची गरज उरली नाही. सांधे खरवडून इपॉक्सी ग्राउट (सांध्यांत भरायचा, पाणी न शोषणारा मसाला) भरणं आणि ट्रॅप नव्याने बसवणं एवढ्यावर भागलं: ९,००० रुपये. इपॉक्सी भरण्याआधी सांधे किमान तीन मिलिमीटर खोल खरवडलेले आणि पूर्ण कोरडे हवेत. नुसतं वरून फासलेलं ग्राउट सुटून येतं. हे करूनही तुंबवलेलं पाणी उतरलं असतं तर मात्र संकन स्लॅबपर्यंत, म्हणजे लाद्या आणि भराव यांच्याखालच्या खोलगट स्लॅबपर्यंत, तोडणं भाग होतं, आणि तेव्हा ७४,००० चं कोटेशन योग्य ठरलं असतं.

बुरशी काढण्याच्या कामात पैसा कशाला जातो हे समजलं की दराची घासाघीस नेमकी करता येते. कोरडी बुरशी कधीही घासू किंवा खरवडू नये. तिचे बीजाणू घरभर उडतात. आधी खोली बंद करतात: दाराला साधारण १५० मायक्रॉन जाडीचं प्लास्टिक, स्प्लिट एसी झाकलेला, पंखा बंद, आणि खिडकीत हवा बाहेर फेकणारा एक्झॉस्ट, म्हणजे खोलीतली हवा घरात न येता बाहेरच जाते. मग भिंतीवर बारीक फवारा, हेपा फिल्टरच्या व्हॅक्यूमने ओढणं, त्यानंतर रसायन. हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो. साध्या घरगुती व्हॅक्यूमचा फिल्टर बीजाणू मागच्या बाजूने परत खोलीत सोडतो. बंदिस्ती आणि यंत्र यांचे ६,००० रुपये लागले, रसायन आणि मजुरीचे ९० चौरस फुटांना ६० रुपये दराने ५,४००. कामगारांनी एन ९५ मास्क, चष्मा आणि हातमोजे घातले आहेत की नाहीत हे उभं राहून बघावं. घरात दमा असलेलं कुणी असेल तर त्या दिवशी त्यांना घरात थांबवूच नये.

ब्लीचबद्दल मला कळकळीने सांगायचं आहे. ते लादीवर ठीक आहे. प्लास्टरसारख्या सच्छिद्र पृष्ठभागावर त्यातलं पाणी आत मुरतं, क्लोरीनचा परिणाम वरवरच राहतो. डाग फिका पडतो आणि आतली बुरशी शाबूत राहते. टॉयलेट साफ करायच्या ॲसिडमध्ये किंवा अमोनियायुक्त क्लीनरमध्ये ते मिसळलं तर विषारी वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. नुसत्या धुराच्या फवारणीवर पैसे घालवू नका. मेलेली बुरशीही ॲलर्जी देते, म्हणून ती मारण्यापेक्षा भिंतीवरून काढणं महत्त्वाचं. हवेचे नमुने प्रयोगशाळेत पाठवण्याचा आग्रह झाला तर नम्रपणे नाही म्हणा. बुरशी डोळ्यांना दिसत असताना तिची जात कळल्याने उपाय बदलत नाही.

खालच्या चार फुटांतलं प्लास्टर भुसभुशीत झालं होतं, टकटक केलं की पोकळ वाजायचं. ते विटेपर्यंत काढलं, दिसणाऱ्या ओलीच्या वर एक फूट जास्त. ५० चौरस फूट तोडणं आणि नवं प्लास्टर, १५० रुपये दराने ७,५००. डेब्रिजच्या ८ गोण्या, गोणीमागे ८० प्रमाणे ६४०. कोटेशनमध्ये गोण्यांचा उल्लेख बहुधा नसतोच, तो आधी लिहून घ्यावा. गोण्या खोलीतच बांधून बाहेर काढायच्या, घरातून उघड्या न्यायच्या नाहीत.

भिंतीला टेकलेल्या कपाटाचा खर्च वेगळा. प्लायवूडवर वरवर आलेली बुरशी व्हॅक्यूम आणि पॉलिशपेपरने जाते, पण पार्टिकल बोर्ड फुगला की तो टाकूनच द्यावा लागतो. मागची फळी बदलायला सुताराने २,२०० घेतले. ओल लागलेली कापसाची गादी वाचत नाही. कपडे ६० अंशांच्या पाण्यात धुतले की चालतात.

सगळ्यात जास्त कामं इथे बिघडतात: वाळण्याआधीच रंग. नव्या प्लास्टरला सात दिवस पाणी मारायचं आणि त्यानंतर निदान तीन-चार आठवडे सोडायचं. विटांची जाड भिंत आतून वाळायला त्याहूनही जास्त वेळ घेते. संकन स्लॅबच्या भरावात साठलेलं पाणी गळती बंद झाल्यावरही झिरपत राहतं, त्यामुळे मीटरचं रीडिंग लगेच उतरलं नाही म्हणून घाबरू नये. ओल्या भिंतीवर इमल्शनचा थर दिला की वाफ अडते, फुगे येतात आणि पोपडे सुटतात. पावसाळ्यात गळती बंद करावी, बुरशी काढावी, प्लास्टर तोडून भिंत उघडी ठेवावी. पुट्टी आणि रंग ऑक्टोबरनंतर. आमच्या रंगाऱ्याने छोट्या कामाचे किमान ५,००० लावले. चौरस फुटाच्या हिशेबाने ते कमी झाले असते, पण एका भिंतीसाठी कुणीही त्या दराने येत नाही.

एकूण: निदान २,५००, बाथरूम ९,०००, बुरशीचं काम ११,४०० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी २,०५२, प्लास्टर ७,५००, डेब्रिज ६४०, सुतार २,२००, रंग ५,०००. बेरीज ४०,२९२ रुपये. त्यातला बुरशी काढण्याचा खर्च जीएसटी धरून १३,४५२, म्हणजे एक तृतीयांश. हे दर आमच्या भागातले आणि एका भिंतीचे आहेत. लिफ्ट नसलेली इमारत असेल किंवा सोसायटी कामाच्या वेळा आखडून देत असेल तर मजुरी वाढते.

पाणी वरच्या फ्लॅटमधून येत असेल तर खर्च कुणाचा, हा वाद आधी मिटवा. गृहनिर्माण सोसायट्यांच्या नमुना नियमांनुसार, म्हणजे आदर्श उपविधींनुसार, गच्ची, बाहेरची भिंत आणि सामाईक पाइप यांची गळती सोसायटीच्या खर्चात येते. संडास, सिंक यांची आतली गळती संबंधित सभासदांच्या. सचिवांना लेखी अर्ज, सोबत मीटरचे आकडे आणि तारखेचे फोटो द्यावेत. विम्याचं म्हणाल तर भारत गृह रक्षा या घराच्या विमा पॉलिसीत टाकी किंवा पाइप फुटून झालेलं नुकसान येतं. हळूहळू मुरलेल्या ओलीसाठी तिच्यावर विसंबू नका.

पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत. मी २५ टक्के हातात ठेवले होते आणि अट लिहून घेतली होती: बाथरूममध्ये पुन्हा चोवीस तास पाणी तुंबवायचं आणि भिंतीचं रीडिंग शेजारच्या कोरड्या भिंतीइतकं आल्यावरच शेवटचा हप्ता. ‘तीन वर्षांची गॅरंटी’ म्हणजे बुरशीची की फक्त रंगाची, हेही त्याच कागदावर लिहून घ्या. कपाट आता भिंतीपासून तीन इंच पुढे आहे, आणि खोलीत एक स्वस्तातला आर्द्रतामापक टांगलाय. काटा ६० टक्क्यांच्या वर गेला की एसी ड्राय मोडवर.