पिशवीतला पंप

शिरोळकडच्या मावशी, वय 54. चढाला छाती भरून यायची आणि टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढलेला ईसीजी) पॉझिटिव्ह. बायकांची टीएमटी पुष्कळदा उगाच पॉझिटिव्ह येते, म्हणून कार्डिऑलॉजिस्टनी आधी आमच्याकडे सीटी अँजिओला (रंगद्रव्य टोचून सीटी मशीननं हृदयाच्या धमन्यांची चित्रं काढायला) पाठवलं. मुलगा मात्र अँजिओप्लास्टीच्या पैशांची जुळणी करूनच कोल्हापुरात आला होता.

नाडी 88. आमचं मशीन 64 स्लाइसचं, एका चित्राला साधारण 175 मिलिसेकंद घेतं. तेवढ्यात हृदयाची उजवी धमनी हलली की कडा दुहेरी उमटते आणि नसलेला ब्लॉक दिसतो. नाडी साठीच्या आसपास हवीच. नाडी मंदावणारी मेटोप्रोलोल 50 ची गोळी हातात घेऊन विचारलं, "मावशी, दमा?" "न्हाई बा." सुनेनं पाण्यासाठी पिशवी उघडली, तर आत दम्याचा निळा पंप!

"त्यो व्हय? फडात पाचट पेटवल्यावर छाती सुई सुई वाजती, तवा घेते."

गोळी परत ठेवली. दम्याच्या माणसाच्या श्वासनलिका या गोळीनं आवळू शकतात. कार्डिऑलॉजिस्टना फोन करून आयव्हाब्रॅडिन (नाडी कमी करणारं, पण श्वासनलिका न आवळणारं औषध) दिलं आणि दीड तास थांबलो. तेवढ्यात श्वास रोखायचा सराव चार वेळा करून घेतला. छाती फुगवून नाही, बेताचाच श्वास, कारण जोर लावला की नाडी बदलते.

नाडी 62 वर आली. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) आधीच पाहिलं होतं. उजव्या कोपरात 18 गेजची हिरवी कॅन्युला (शिरेत ठेवायची नळी), बीपी बघून जिभेखाली धमन्या रुंदावणारं नायट्रोग्लिसरीन. साध्या स्कॅनमध्ये कॅल्शियम स्कोअर (धमन्यांत साठलेल्या कॅल्शियमचं माप) 0. पण छातीची तक्रार असताना शून्यावर थांबू नये, मऊ थरात कॅल्शियम नसतं. सेकंदाला 5 मिलीनं 70 मिली कॉन्ट्रास्ट (ते रंगद्रव्य), मागोमाग 40 मिली सलाईन. तिन्ही धमन्या मुळापासून टोकापर्यंत मोकळ्या.

"म्हंजे तार घालायची न्हाई?" मुलानं दोनदा विचारलं.

स्कोअर हजाराच्या वर असता, तर कॉन्ट्रास्टआधीच थांबून डॉक्टरांना विचारलं असतं. एवढं कॅल्शियम चकाकून नळीची पोकळी झाकतं, अहवाल संशयास्पद येतो आणि पेशंटला सीटीचे पैसे भरून पुन्हा कॅथलॅब (नेहमीची अँजिओग्राफी होते ती खोली) गाठावी लागते. योग्य पेशंटला मात्र ही तपासणी मोलाची आहे. स्कॉटलंडमधल्या 4146 जणांच्या अभ्यासात (2018) नेहमीच्या उपचाराला सीटीची जोड दिलेल्यांत पाच वर्षांत हृदयविकारानं मृत्यू किंवा हार्ट अटॅक 2.3 टक्क्यांना आला, नुसत्या नेहमीच्या उपचारावर 3.9 टक्क्यांना.

त्या दिवसापासून "दमा आहे का?" एवढ्यावर आम्ही भागवत नाही. नाव लिहितानाच पिशवीतली सगळी औषधं टेबलावर काढायला सांगतो.