'हलका व्यायाम' या दोन शब्दांनी खाल्लेले तीन महिने

साठी उलटलेल्यांना म्हापशात जिमला जायचं तर डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागतात. फॉर्म, फी, फोटो एका सकाळी उरकलं. अडलं ते सर्टिफिकेटवरच्या एका ओळीत : 'हलका व्यायाम करण्यास हरकत नाही.'

ट्रेनरने ओळ वाचली आणि हातात एकेक किलोचे डंबेल्स ठेवले. वीस-वीसचे तीन सेट. वजन वाढव म्हटलं की त्याचं बोट त्या ओळीवर. तीन महिने हेच! शुक्रवारच्या बाजारातून येताना पिशवीत याहून जास्त असतं. वीसदा उचलूनही हात थकत नसेल, तर स्नायूला वाढायचं कारणच उरत नाही. वजन असं हवं की 8 ते 12 वेळा उचलता येईल आणि थांबताना वाटेल, आता फार तर आणखी दोनदा. लागोपाठ दोन खेपांना 12 सहज झाले की अर्धा-एक किलो वाढवायचं.

शेवटी नवा कागद आणला. डॉक्टरांना नुसतं 'चालेल का' विचारू नका. रक्तदाब किती असला तर त्या दिवशी सुट्टी, कुठला सांधा किती वाकवायचा, हे विचारा आणि 'वजन टप्प्याटप्प्याने वाढवावे' हे शब्द लिहूनच घ्या. हर्निया किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर आधी सांगा.

पुढचं सुरळीत. आठवड्यातून दोनदा, मध्ये किमान एक दिवस सोडून. जोर लावताना श्वास सोडायचा. रोखला की रक्तदाब चढतो.

घरी ताकद बघायची तर हात छातीवर बांधून खुर्चीवरून पाच वेळा उठबस करा. वयाबरोबर स्नायू झिजण्याबद्दलच्या 2019 च्या आशियाई निकषांप्रमाणे 12 सेकंद किंवा जास्त लागले तर लक्ष द्यायला हवं. खुर्ची भिंतीला टेकवा. बाल्कांवातला (घरापुढच्या ओसरीतला) सोपो, म्हणजे बांधीव बाक, सरकत नाही खरा, पण उठताना टाचा मागे घ्यायला तिथे जागाच नसते.

प्रथिनं राहिलीच. वजनाच्या दर किलोमागे रोज 1 ते 1.2 ग्रॅम. पेज-लोणच्यावर ते भागत नाही. 100 ग्रॅम बांगड्यात साधारण 20 ग्रॅम मिळतात. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधी विचारा.

आणि हो, जिमला झेरॉक्स द्या. मूळ कागद परत मिळत नाही.