उलटा ऱ्हो

युरोपातल्या एका संग्रहालयात मी नोंदणीचं काम करते. सध्या रोमन काळातल्या कोरीव खड्यांची फेरनोंदणी चालू आहे. वजन, व्हर्नियरने माप, दोन्ही बाजूंचे फोटो. टॉर्च समोरून मारली तर कोरीवकाम दिसतच नाही. जवळजवळ आडवी धरावी लागते, तेव्हा कुठे खाचांत सावली भरते आणि रेषा वर येतात.

गेल्या मंगळवारी एक हेमटाइट, म्हणजे लोहखनिजाचा खडा, हातात आला. नखाएवढा, काळा, आकाराच्या मानाने चांगलाच जड. जुन्या कार्डावर नोंद होती : मुद्रेचा खडा, भांडं आणि किल्ली; मागे 'थुओइरोरो', निरर्थक; ऱ्हो उलटा, कोरणाऱ्याची चूक. (ऱ्हो म्हणजे 'र'चं ग्रीक अक्षर, दिसायला इंग्रजी P सारखं.) सोबत मागच्या बाजूचा प्लास्टरचा ठसा.

मुद्रेवर अक्षरं उलटी कोरतात, म्हणजे मेणावर ती सुलटी उमटतात. त्यामुळे आमच्याकडे खडा बाजूला ठेवून ठसा वाचायची सवय आहे. मी खडाच भिंगाखाली धरला. ऱ्होचं पोट उजवीकडे, जिथे असायला हवं तिथेच. डावीकडून वाचलं : ओरोरियूथ. या शब्दातली बाकीची ग्रीक अक्षरं आरशातही जशीच्या तशी दिसतात, एकटा ऱ्हो फिरतो. त्या एका अक्षराने सांगून ठेवलं होतं की हा खडा ठशासाठी नाहीच, हा ताईत आहे. अंगावर बाळगायचा, म्हणून दगडावरच सुलटा लिहिलेला. आणि आपण त्या कारागिराला चुकीचा ठरवून मोकळे झालो! कुरुंदाची पूड आणि तेल लावून, फिरत्या सळईने मिलिमीटरभर उंचीचं अक्षर कोरणाऱ्या माणसाला. मला याचा खरोखर राग आला.

ओरोरियूथ हा गर्भाशयाच्या ताइतांवर हमखास येणारा मंत्रशब्द. खडा पालथा केला. कार्डावरचं 'भांडं' म्हणजे उपडं ठेवलेलं गर्भाशय, वर दोन्ही बाजूंना बंध, भोवती स्वतःची शेपटी तोंडात धरलेला साप. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या सोरेनसने गर्भाशयाला वैद्याच्या रक्त ओढायच्या तुंबडीची उपमा दिली आहे. हे चित्र थेट तेच. हेमटाइट घासला की लाल उतरतो, नावातच ग्रीक 'रक्त' आहे. बाईच्या रक्तस्रावासाठी हाच दगड का निवडला, हे वेगळं सांगायला नको.

तोंडापाशी किल्ली. कार्डावरच्या चित्रात तिला चार दात, मी टॉर्च फिरवून तीनदा मोजले : पाच.

सोरेनसचा ताइतांवर विश्वास नव्हता, तरी त्यांना मनाई करू नये असं त्याने लिहिलंय, कारण आशेने रोग्याला उभारी येते. आमच्या बैठकीत एक वरिष्ठ 'अंधश्रद्धाच की' म्हणून पुढच्या खड्याकडे वळले. त्यांच्यापेक्षा तो वैद्य मला जास्त समंजस वाटतो. या खड्याच्या कडा वापराने गुळगुळीत झाल्या आहेत. कुणीतरी तो बराच काळ जवळ बाळगला होता.

शब्द दुरुस्त केला, 'चूक' खोडली, दात पाच केले. राहिला 'उपयोग' हा रकाना. किल्ली बाळंतिणीच्या सुटकेसाठी गर्भाशय उघडायला, की रक्त थांबावं, गर्भ टिकावा म्हणून बंद करायला? अभ्यासक दोन्ही सांगतात. प्रणाली एकच पर्याय निवडू देते. मी दोन्ही घेण्याची सोय मागितली आहे. तोवर रकाना रिकामा ठेवलाय आणि रोज संध्याकाळी तो लाल होऊन मला आठवण करतो.