एका शब्दापायी साडेतीन तास

कुत्रा चावला त्याला आता दोन महिने झाले. लेक ते कधीच विसरली. मला मात्र ती औषधाची खिडकी आठवली की अजून डोकं तापतं. निम्मी चूक माझीच होती, त्यामुळे जरा जास्तच.

लेक ९ वर्षांची. कुत्रा शेजाऱ्यांचा, ओळखीचा, गळ्यात पट्टा असलेला. चेंडूवरून झटापट झाली आणि तिच्या उजव्या तर्जनीत नखाच्या खाली दोन दात रुतले. रक्त थोडंसंच आलं, पण आलं. लगेच नळाखाली हात धरून साबणाने १५ मिनिटं धुतला, घड्याळ समोर ठेवून. रेबीजचा विषाणू साबणाने मरतो, म्हणजे हे धुणं हाच पहिला उपचार. वर पट्टी बांधली नाही, कुणी सुचवलेला लेप लावला नाही. शेजारीणबाई म्हणत होत्या, "अहो, त्याला सगळी इंजेक्शनं दिलेली आहेत." असतीलही. पण लक्षणं दिसायला लागली की या आजारातून माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. तिथे शब्दावर विसंबून कोण राहणार?

दवाखान्यात केसपेपरच्या टेबलावरच्या माणसाने विचारलं, काय झालं? लेक माझ्या ओढणीचं टोक घट्ट धरून थरथरत होती. तिला धीर यावा म्हणून मी हसतच म्हटलं, "काही नाही हो, कुत्र्याने जरासं खरचटलंय." त्याने लिहिलं: ओरखडा.

हा एक शब्द.

लस पंधरा मिनिटांत झाली. दंडात दिली, ती तिथेच द्यायची असते (अगदी लहान मुलांना मांडीत), कुल्ल्यात नाही. तपासणाऱ्या डॉक्टरांनी रक्त येऊन गेलेलं पाहिलं, तोंडी "सीरमही लागेल" म्हणाले (जखमेभोवती टोचायचं वेगळं औषध) आणि खिडकीकडे पाठवलं. कागदावर काही लिहिलं नाही.

खिडकीवरच्या गृहस्थांनी कागद वाचला. "ओरखडा. म्हणजे दुसरी श्रेणी. दुसऱ्या श्रेणीला फक्त लस."

नियम म्हणून हे बरोबरच आहे. जनावराने नुसतं चाटलं आणि कातडी शाबूत असली तर पहिली श्रेणी, काहीच द्यावं लागत नाही. रक्त न येता खरचटलं तर दुसरी, नुसती लस. कातडी फाटून रक्त आलं, मग ते दाताने असो की नखाने, की तिसरी श्रेणी: लस आणि सीरम दोन्ही. म्हटलं, रक्त आलं होतं हो. "कागदावर नाही," ते म्हणाले.

परत आत गेले, तोवर पाळी बदललेली. नवे डॉक्टर म्हणाले, "मी पाहिलेलं नाही, दुसऱ्याच्या कागदावर मी कशी खाडाखोड करू?" मग आत्ता पाहा ना! "त्यासाठी नवा केसपेपर काढा." केसपेपरच्या टेबलावर उत्तर मिळालं, एकाच दिवशी एकाच तक्रारीचे दोन केसपेपर निघत नाहीत. पुन्हा खिडकी. पुन्हा आत. मधे जेवणाची सुट्टी. लेक बाकावर झोपून गेली, दुखरा हात छातीवर ठेवून. समोरच्या भिंतीवर लुई पाश्चरचं चित्र होतं. ६ जुलै १८८५ ला त्याने ज्या पोराला पहिल्यांदा ही लस टोचायला लावली, तो जोसेफ माइस्टरही ९ वर्षांचाच होता. त्याच्या आईला कुठल्या खिडकीवर उभं केलं असेल, असले विचार माझ्या डोक्यात.

तिसऱ्या फेरीला खिडकीवरून सल्ला आला, "घाई कसली? उद्या या. सात दिवसांपर्यंत देता येतं."

माझा तोल गेला तो इथे. लसीच्या पहिल्या डोसपासून सातव्या दिवसापर्यंत सीरम देता येतं हे खरं, पण ती अडलेल्यांसाठी ठेवलेली शेवटची मुदत आहे. शक्यतो ते पहिल्या डोसबरोबरच द्यायचं असतं. लस घेतल्यावर शरीराला स्वतःची प्रतिपिंडं, म्हणजे विषाणूशी लढणारी प्रथिनं, तयार करायला आठवडाभर तरी लागतो. तोपर्यंत जखमेतच विषाणूला अडवायला सीरममधून तयार प्रतिपिंडं मिळतात. औषध आतल्या फ्रीजमध्ये आहे, पोर बाकावर आहे, मधे फक्त एक शब्द आहे, आणि हे म्हणतात उद्या या. हे सगळं मी बऱ्याच वरच्या पट्टीत बोलले. रांगेतल्या एक आजी "बरोबर आहे बाई तुझं" म्हणाल्या, तेवढाच आधार.

शेवटी नवे डॉक्टर उठून बाहेर आले. लेकीचं बोट पाहिलं. एव्हाना जखम धुऊन, सुकून इतकी बारीक दिसत होती की ते म्हणाले, "हे तर खरचटल्यासारखंच वाटतंय." मला रडूच यायचं बाकी होतं. मग आठवलं, धुण्याआधी नवऱ्याला पाठवायला मी फोटो काढला होता. तो मोठा करून दाखवला: दोन भोकं आणि बोटावरून ओघळलेलं रक्त. त्यांनी "ओरखडा" वर काट मारली, "दंश, रक्तस्राव, श्रेणी ३" लिहिलं, सही केली. अर्धं मिनिट लागलं.

तेव्हा फोटो काढा, पण धुणं त्यासाठी थांबवू नका. आणि टेबलावर "चावला, रक्त आलं" एवढंच बोला. मुलाला धीर नंतर द्या.

सीरमसाठी वजन विचारतात, ते माहीत असू द्या. घोड्याच्या रक्तापासून केलेलं असेल तर किलोमागे ४० युनिट, माणसाच्या रक्तापासूनचं असेल तर २०. ही वरची मर्यादा. सिस्टरने बारीक सुई जखमेच्या कडेला घातली आणि थेंबाथेंबाने सोडायला लागली. बोट फुगून पांढरंफटक पडलं तशी ती थांबली. "बोटात जागा ती किती असणार?" कुपीत बरंचसं उरलं. उरलेलं दंडात किंवा मांडीत टोचायचं का, मी विचारलं. ती म्हणाली, पूर्वी टोचायचे, आता जखमेभोवती मावेल तेवढंच. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये तसं सांगितलंय.

लेक ओरडली, पण हात हलवला नाही. मीच तोंड फिरवलं.

पुढचे डोस बिनबोभाट झाले. आम्हाला ०, ३, ७, १४, २८ असे दिवस दिले होते, कातडीत लस देतात तिथे वेळापत्रक वेगळं असतं. पहिला दिवस शून्य धरायचा, इथे बऱ्याच जणांचा एक दिवस चुकतो. चुकला तरी डोस पहिल्यापासून सुरू करत नाहीत, राहिला तिथून पुढे घेतात. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवायचं असतं. मी रोज सकाळी कुंपणावरून डोकावायचे, तो शेपूट हलवायचा. दहाव्या दिवशीही ठणठणीत होता, तेव्हा डॉक्टर म्हणाले थांबवलं तरी चालेल. मी सगळे डोस पुरे करून घेतले.

हो, एक राहिलंच. पूर्ण लस झालेल्याला पुन्हा कुत्रा चावला तर सीरम लागत नाही, ० आणि ३ या दिवशी दोन डोस पुरतात. मात्र आधीच्या लसीचा कागद दाखवावा लागतो. म्हणून तो केसपेपर जपून ठेवलाय, खाडाखोडीसकट.